राधानगरी राहिली: जुन्या टू-स्ट्रोकवरून सातारा ते बिद्री

जानेवारीतल्या एका सकाळी विलासने पार्किंगमध्ये गाडीला किक मारली, ती चालू झाली, आणि त्याने मला खालून हाक मारली. मी कणकेचे हात तसेच घेऊन जिना उतरले.

"कशी चालतीय ते सांग," तो म्हणाला.

"नीट चालतीय."

"नीट म्हणजे कशी?"

"नेहमीसारखी."

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि गाडी बंद केली. धूर जिन्यात भरला होता. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली, ते मला ऐकू आलं, त्याला नाही.

विलास माझा नवरा. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात त्याची सगळी नोकरी गेली. बिघडलेली गाडी आणली की तो आधी हात लावायचा नाही; डोळे मिटून उभा राहायचा आणि ऐकायचा. मग सांगायचा, काय खोला. दोन वर्षांपूर्वी एका तापात त्याचा डावा कान गेला. उजवा त्यानंतर हळूहळू गेला. यंत्र लावून शांत खोलीत समोरासमोर बसलं, तर निम्मं कानाने आणि निम्मं ओठांवरून त्याला कळतं. रस्त्यावर यंत्रात नुसता वारा घोंगावतो, म्हणून तो ते खिशात ठेवतो.

त्या संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "राधानगरीला जाऊया. गाडीवरून."

नोकरीची पहिली वर्षं त्याने कोल्हापुरात काढली होती. तिथला मित्र मन्सूर आणि तो याच गाडीवरून धरणावर जायचे, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. मला भीती वाटत होती. तरी मी हो म्हटलं, कारण कितीतरी महिन्यांनी त्याने कुठेतरी जाऊया असं म्हटलं होतं. लग्नांना जाणं त्याने सोडलं होतं, मित्रांचे फोन मीच घ्यायचे आणि मीच काहीतरी सांगून ठेवायचे.

हायवेवरून कोल्हापूर

आमची तयारी, कुणाला अशी जुनी गाडी काढायची असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहिते. पंपावर आता ऑइल घातलेलं पेट्रोल मिळत नाही, त्यामुळे टू-टी ऑइलची बाटली आणि मापाचं झाकण सोबत ठेवायचं. जादा प्लग दोन, प्लग-पाना, क्लचची वायर, कार्बोरेटर खोलायला स्क्रू ड्रायव्हर, एक जुनी बनियन. आम्ही दोन्ही बाजूंना मोठे आरसे बसवून घेतले. आणि एक खूण ठरवली. मागून उजवीकडून काही येत असेल तर मी त्याच्या उजव्या खांद्यावर थाप मारायची, डावीकडून असेल तर डाव्या. दोन्ही खांदे दाबले की थांबायचं.

सकाळी लवकर निघू नका, धुकं असतं. आम्ही ऊन पडल्यावर निघालो. हायवेचं रुंदीकरण चालू आहे आणि दर थोड्या अंतरावर वळवलेला रस्ता, खडी, धूळ. आम्ही कडेकडेने चाळीसच्या वेगाने चाललो होतो. कंटेनर शेजारून गेला की गाडी हलायची. मी थापा मारून मारून दमले. उंब्रजपर्यंत खूप छान वगैरे काही वाटलं नाही, पण वाईटही वाटलं नाही.

कराडच्या अलीकडे गाडीचा जोर कमी झाला. चढ नव्हता. विलासने रेस सोडली तरी इंजिनचा आवाज खाली येईना, उलट चढतच गेला. मी दोन्ही खांदे दाबले. आम्ही कडेला थांबेपर्यंत ती आपोआप बंद पडली होती. इंजिनाजवळ हात नेववत नव्हता.

"काय झालं होतं?" त्याने विचारलं.

"आवाज वाढत होता. तू रेस सोडलीस तरी."

"मला पायाला कळत होतं काहीतरी. पण मला वाटलं रस्ताच खराब आहे."

त्याने प्लग काढला. टोक पांढरं पडलं होतं, चुन्यासारखं. चांगला प्लग विटकरी दिसतो, हे मला त्याच्याशी लग्न करून कळलेल्या थोड्या गोष्टींपैकी एक. पांढरा म्हणजे इंजिनात हवा जास्त जातेय आणि पेट्रोल कमी. अशी गाडी तापत जाते आणि शेवटी पिस्टन आतल्या आत जाम होतो. त्याने टाकीचं झाकण उघडून बघितलं, झाकणाचं भोक मोकळं होतं. मग कार्बोरेटर उघडला. खालच्या वाटीत गंजाचे कण होते.

"हे बघ," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी थोडं समाधान दिसलं. "टाकीतला गंज. पेट्रोल अडत होतं."

साफ करून, गाडी गार होऊ देऊन आम्ही निघालो. पेठ नाक्यापुढे ती पुन्हा तशीच करू लागली. किणीच्या आसपास पुन्हा. दर वेळी थांबायचं, गार होऊ द्यायचं, किक मारायची. एका थांब्यावर रसवंतीवाल्याने आम्हाला रस देता देता विचारलं, "कुठलं पावणं?" विलास गाडीकडे बघत होता. मी सांगितलं, सातारा. "काका बोलत न्हाईत व्हय?" मी म्हटलं, दमलेत.

कोल्हापुरात शिरलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. राहायला स्टेशन रोडवर साधे लॉज पुष्कळ आहेत, पण आम्ही सरळ शिवाजी पेठेत मन्सूरकडे गेलो. त्याच्या गल्लीत फुटबॉल संघाच्या पताका लावलेल्या होत्या आणि तालमीसमोर पोरं घोळक्याने उभी होती. गॅरेज म्हणजे घराखालची एक खोली. मन्सूरने विलासला मिठी मारली आणि त्याच्या खांद्यावरूनच बोलायला लागला. "किती वाळलाईस रं. फोन न्हाय, काय न्हाय. मेलास म्हटलं काय तर."

विलासला यातलं काहीच कळलं नाही. तो हसला, आणि म्हणाला, "हो, ट्रॅफिक फार होतं."

मन्सूरने माझ्याकडे पाहिलं. मी फोनवर कधी नीट सांगितलं नव्हतं. कानाचा जरा त्रास आहे, एवढंच म्हटलं होतं.

"समोर उभं राहून बोला, मन्सूरभाई," मी म्हटलं. "ओरडू नका. हळू बोला."

शिवाजी पेठ

दुसरा पूर्ण दिवस गॅरेजमध्ये गेला. प्रवासवर्णन वाचायला आलेल्यांनी माफ करावं. रंकाळा आम्ही संध्याकाळी पाहिला, तोही गाडीची चाचणी म्हणून.

सकाळी मन्सूरच्या बायकोने, रजियाभाभींनी, कटवडा मागवला होता, झणझणीत रश्शात बुडवलेला, आणि बरोबर पावाचे जाड काप. मन्सूरने खाता खाताच गाडीला किक मारली आणि सवयीने म्हणाला, "विल्या, ऐक की जरा."

तो बोलून गेला आणि मग हातातला पाव बशीत ठेवला. विलासने ओठ वाचले होते.

"तूच ऐक," तो म्हणाला. "मला सांग."

मन्सूरने ऐकलं. "मिसिंग मारती. जरा जरा. गरम झाल्यावर मारती म्हणतोस न्हवं? मग कंडेन्सर असंल."

"प्लग पांढरा आहे. कंडेन्सरने प्लग पांढरा नाही होत."

"मग दोन्ही असंल."

दोघांनी मिळून टाकी उतरवली, आतला गंज धुतला. कार्बोरेटर पेट्रोलमध्ये भिजत घातला. ठिणगी देणारे पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. सायलेन्सरच्या आतली नळी काढली तर तिच्यावर काजळीचा थर इतका होता की निम्मी भोकं बुजली होती. ती मन्सूरने जाळून साफ केली. काम करताना दोघांचं बोलणं कमी आणि हातवारे जास्त. विलासने हात पुढे केला की मन्सूर बरोबर तोच पाना द्यायचा. दुपारपर्यंत मला वाटू लागलं की आपण इथे आलो ते बरं झालं.

जेवणात मटणाचा रस्सा आणि भाकरी होती. भाभी मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "त्यांना कायमचंच असं राहणार काय?"

मी हो म्हटलं.

"ह्यांना रात्री झोप न्हाय लागली. म्हणत हुते, आमी दोघं आयटीआयत हुतो तवा विलासच सांगायचा, कान लाव, कान लाव. आणि त्येचाच कान गेला." त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढली. मी नको म्हटलं नाही.

संध्याकाळी रंकाळ्याभोवती एक फेरी मारली. गाडी निमूट चालली. मन्सूर त्याच्या स्कूटरवर मागे होता, तो सिग्नलला आमच्याशेजारी थांबून म्हणाला, "झाली." विलासने मान डोलावली. मी तळ्याकडे पाहत होते. पाण्यावर दिव्यांची रांग होती, भेळेच्या गाड्या लागल्या होत्या, आणि मला उगाच वाटत होतं की हे सगळं फार लवकर झालं.

कागल, मुरगूड, आणि मग

राधानगरीला कोल्हापुरातून थेट रस्ता आहे आणि तुम्ही तोच घ्या. आम्ही कागलवरून गेलो, कारण विलास आणि मन्सूर तसे जायचे. कागलला हायवे सोडला की मुरगूडकडे जाणारा रस्ता दोन्हीकडून उसाने बुजलेला आहे. या दिवसांत तोडणी चालू असते. अर्धी शेतं मोकळी, अर्धी उभी, बांधावर पाचट जळतंय. उसाच्या ट्रॉल्यांना आधी वाट द्यायची, हा इथला नियम समजा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर कळस झालेला ऊस, आणि गाणी इतकी मोठी लावलेली की ट्रॅक्टरवाल्यालाही मागचं काही ऐकू येत नसावं. पुढे थांबल्यावर विलासला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आम्ही दोघं सारखेच."

मुरगूडला चहा घेतला. त्याच्या पुढे गाडी पुन्हा सुरू झाली. म्हणजे तिचा त्रास पुन्हा सुरू झाला. रेस सोडावी आणि इंजिन चढत जावं, मग एकदम मरावं. मुदाळ तिट्ट्याला आम्ही ढकलतच पोहोचलो. तिथून सरळ गेलं की राधानगरी, उजवीकडे वळलं की बिद्रीवरून कोल्हापूर. पाटी समोर होती. विलास पाटीखाली गाडीवर बसून राहिला. 

"उजवीकडे," तो म्हणाला.

बिद्रीच्या अलीकडे ती पुन्हा बंद पडली. हवेत मळीचा वास भरून राहिला होता, कारखान्याकडे ट्रॉल्यांची रांग होती. आम्ही रांगेपासून लांब, एका बाभळीखाली गाडी घेतली. मी मन्सूरला फोन लावला. फोनवर बोलणं माझंच काम, कारण विलासला फोन ऐकू येत नाही.

"वहिनी, गाडी चालू करा आणि मोबाइल जवळ धरा," मन्सूर म्हणाला.

विलासने बऱ्याच किका मारून गाडी चालू केली. मी मोबाइल धरला.

"ट्रॉल्यांचाच आवाज येतोय सगळा. मला काय कळंना. तुमीच सांगा काय येतंय ते."

मला इंजिनाचा आवाज कधी वेगवेगळा ऐकू आलाच नव्हता. तो एक आवाज होता, त्यात विलास अनेक आवाज ऐकायचा. मी खाली बसले, पदर डोक्यावरून घेऊन एक कान झाकला आणि दुसरा कान इंजिनाजवळ नेला. विलास माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, त्याला ओठ दिसावेत म्हणून मी मान वर केली.

"शिटी आहे," मी म्हटलं. "बारीक. कुकरची शिटी व्हायच्या आधी वाफ जशी निसटते तशी."

"कुठून?" विलासने विचारलं.

"डावीकडून. खालून."

"रेस दिल्यावर वाढते की जाते?"

"दिल्यावर कळत नाही. सोडल्यावर येते."

त्याने ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग बाटलीतलं पाणी आणि पिशवीतला साबण घेऊन त्याने फेस केला आणि कार्बोरेटरच्या सांध्यावर सोडला. हवा तिथून खेचली जात असती तर फेस आत ओढला गेला असता आणि इंजिनाची चाल बदलली असती. काही झालं नाही. मग त्याने डाव्या बाजूचं, मॅग्नेटवरचं, म्हणजे ठिणगी तयार करणाऱ्या चाकावरचं झाकण काढलं. आत सगळं कोरडं असायला हवं. त्याने बोट फिरवून मला दाखवलं. काळं, ओलं, पेट्रोलचा वास येणारं.

"ऑइल सील," तो म्हणाला. "इंजिनाच्या दांड्याभोवतीचं रबर. इतक्या वर्षांत कडक झालंय. गार असताना बसतं, तापलं की फट पडते. तिथून हवा खातीय ती. कार्बोरेटर धुऊन काय होणार होतं." तो मातीत बसला. "मला पहिल्या दिवशी ऐकू आलं असतं तर कराडलाच कळलं असतं. पहिल्या किकेला कळलं असतं."

मी मन्सूरला सांगितलं.  तो म्हणाला, "बरोबर बोलतोय त्यो. मीबी चुकलो. टेम्पो बघा आणि घिऊन या."

बिद्रीच्या अलीकडचा रस्ता

टेम्पो लगेच कुठे मिळणार? विलासला तोवर एक गोष्ट करून बघायची होती. चोक अर्धा ओढून ठेवला तर इंजिनात पेट्रोल जास्त जाईल आणि जास्तीची हवा झाकली जाईल. तसं चालवत हळूहळू कोल्हापूर गाठता येतं का, हे त्याला पाहायचं होतं. "पुढच्या वळणापर्यंत जाऊन येतो," तो म्हणाला. "तू बस. दोघांचं वजन नको." मी हत्यारं गोळा करत होते. त्याचं हेल्मेट माझ्याजवळच राहिलं.

तो निघाला. रस्त्याच्या मधून चालला होता, खूप हळू, मान खाली घालून, एक हात चोकवर. समोरून उसाची ट्रॉली येत होती. आणि मागून दुधाची पिकअप आली.

हॉर्न मला आधी ऐकू आला. मग तो सलग वाजतच राहिला. मी उठून धावले. मी ओरडले, त्याचं नाव घेऊन ओरडले, आणि ओरडता ओरडताच मला कळत होतं की मी कुणासाठी ओरडतेय. समोरच्या ट्रॅक्टरवाल्याने दोन्ही हात वर करून हलवले. तेव्हा विलासने मान वर केली आणि वळून मागे पाहिलं.

पिकअप त्याच्यापासून हातभर अंतरावरून निघून डावीकडे उसात घुसली. आधी कॅनचा आवाज झाला, एकावर एक आदळत गेलेला. मग काहीच नाही. ट्रॅक्टरही थांबला होता. त्याचं गाणं कुणीतरी बंद केलं.

चालक खाली उतरला. तिशीचा मुलगा असेल, कपाळावर खरचटलेलं. मागे एक कॅन आडवा होऊन दूध पाटात चाललं होतं. तो विलासच्या अंगावर गेला. "पावणं, बहिरं हाईसा काय? एवढा हॉर्न हाणतोय मगापसनं. मेलो असतो न्हवं मी."

विलास गाडी धरून उभा होता. तो त्याच्या ओठांकडे बघत होता, पण तो मुलगा रागाने मान हलवत बोलत होता, त्यामुळे त्याला काही कळत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी सांगावं म्हणून.

"बहिरेच आहेत ते," मी म्हणाले.

दोन वर्षांत मी हा शब्द त्याच्यासमोर कधी उच्चारला नव्हता. कमी ऐकू येतं, त्रास आहे, यंत्र लावतात, असंच म्हणायचे. तो माझ्या ओठांकडे बघत होता. त्याने तो वाचला, हे मला दिसलं.

तो मुलगा एक पाऊल मागे सरला. "मला काय ठावं, मावशी," तो म्हणाला. मग पिकअपच्या दाराला टेकून तो कपाळ पुसू लागला. 

मी त्याच्या कपाळाला पाणी लावलं. त्याचं नाव तानाजी. ट्रॅक्टरवाल्याने साखळी बांधून त्याची पिकअप उसातून ओढून काढली. दिवा फुटला होता, पण गाडी चालत होती. सांडलेल्या दुधाचं मी विचारलं, तर त्याने हात झटकला. "ते बघतो मी. तुमची गाडी चालती काय?"

नाही म्हटलं.

"दूध घालून मी परत कोल्हापूरलाच जाणार. हितंच थांबा. नेतो."

तो येईपर्यंत आम्ही बाभळीखाली बसून होतो.   ट्रॉल्या जात होत्या, त्या त्याला दिसत होत्या आणि मला ऐकू येत होत्या. माझ्या डोक्यातून कॅन आदळल्याचा आवाज जात नव्हता, आणि त्याच्या डोक्यात तो आवाज नव्हताच. त्याने फक्त मागे वळून पाहिलं होतं आणि शेतात एक गाडी घुसलेली दिसली होती. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

तानाजी परत आला. गाडी आडवी घालून दोरीने बांधली आणि आम्ही तिघं पुढे बसलो. वाटेत त्याने मला विचारलं, "लहानपणापासनं काय?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग लई अवघड." कोल्हापुरात मन्सूरच्या दारात उतरताना त्याने विलासच्या समोर येऊन, सावकाश, तोंड मोठं करून सांगितलं, "काका, आता एकटं जाऊ नगा." विलासने त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

सील

दुसऱ्या दिवशी मन्सूरने मॅग्नेट ओढून काढलं. आतलं सील बाहेर आलं ते नखाने दाबलं तरी दबत नव्हतं. काठाला चीर गेलेली. नवं बाजारात मिळालं, लहानशी काळी चकती. तशा चकत्यांनी भरलेला एक डबाच दुकानदाराकडे होता. दुपारी गाडी जोडून झाली. पहिल्याच किकेला चालू झाली. मन्सूरने ती खूप वेळ चालू ठेवली, चांगली तापू दिली, मग रेस दिली आणि सोडली.

मन्सूरने विलासकडे पाहिलं. विलासने माझ्याकडे.

"खाली आली," मी म्हटलं. "आणि तिथेच थांबली."

"शिटी?"

"नाही."

त्याने टाकीवर तळहात ठेवला आणि उभा राहिला. तालमीतली दोन-चार माणसं दारात येऊन थांबली होती, असला आवाज हल्ली कुठे ऐकायला मिळत नाही म्हणत होती. मग त्याने पेट्रोलचा कॉक बंद केला, किल्ली काढली आणि मन्सूरच्या हातात दिली.

"तुझ्याकडं ठेव."

"का म्हणून? आता तर झाली की."

"बिघडलेली कुणाला देऊ?"

"विल्या, असं एकदम नसतंय ठरवायचं. वहिनी मागं असत्यात. आरसं हाईत."

"काल तो पोरगा गेला असता," विलास म्हणाला. "मी गेलो असतो तर ठीक होतं."

हे त्याने माझ्यासमोर म्हटलं. मन्सूरने माझ्याकडे बघायचं टाळलं आणि किल्ली खिशात टाकली. भाभी आतून चहा घेऊन आल्या, तो आम्ही उभ्यानेच प्यालो. त्या दिवशी मला विलासचा राग आला होता, इतका की मी संध्याकाळी एकटीच रंकाळ्यावर जाऊन बसले. परत आले तेव्हा तो गॅरेजच्या पायरीवर वाट बघत होता. "मी तसं म्हणायला नको होतं," तो म्हणाला. मी म्हटलं, "नको होतं." एवढंच बोलणं झालं.

परतीला सकाळची एसटी घेतली. कोल्हापूर-सातारा गाड्या भरपूर आहेत, आरक्षणाची गरज पडत नाही. विलास खिडकीशी बसला होता. आम्ही येताना जिथे जिथे थांबलो होतो त्या जागा मागे जात होत्या, पण त्याने पडदा ओढून घेतला आणि डोळे मिटले. तो झोपला नव्हता.

घरी

परत येऊन महिना झाला. राधानगरी आम्ही पाहिली नाही, त्यामुळे तिथलं काही सांगू शकत नाही. जाणाऱ्यांनी सकाळी ट्रॉल्या सुरू व्हायच्या आधी निघावं. आणि गाडी जुनी असेल तर निघण्यापूर्वी इंजिनाची दोन्ही सीलं बदलून घ्यावीत. ती बाहेरून दिसत नाहीत. हे वाक्य विलासने घालायला सांगितलं.

मन्सूर अधूनमधून फोटो पाठवतो. गाडी पुसलेली, तालमीसमोर उभी. विलास फोटो बघतो आणि मोबाइल मला परत देतो.

तो जास्त बोलायला लागला असं काही झालं नाही. उलट कमीच बोलतो. गेल्या आठवड्यात मी भाचीची जुनी इलेक्ट्रिक स्कूटर घरी आणली. या वयात नवीन काही शिकायचा उत्साह मला नव्हता, पण दवाखाना आणि बाजार चुकत नाही. पार्किंगमध्ये दोन दिवस फेऱ्या मारल्या, एकदा भिंतीला धडकले. तिसऱ्या दिवशी त्याला म्हटलं, बस.

तो मागे बसला. हात कुठे ठेवायचे हे त्याला कळेना. आधी मांड्यांवर ठेवले, मग मागची दांडी धरली. मी वळून तोंड दाखवून सांगितलं, "निघतेय." स्कूटर निघाली तेव्हा त्याला हादरा बसला, कारण खाली काहीच थरथरलं नव्हतं.

आम्ही पोवई नाक्यावरून भाजी मंडईपर्यंत गेलो. मागे बसलं की समोरचा रस्ता दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते आणि दोन्ही बाजूंना घरं, दुकानं, माणसं सरकत जातात. मी तीस वर्षं तेवढंच पाहत आले. तो आता ते पाहायला लागलाय. त्याला कसं वाटतं, हे मी अजून विचारलेलं नाही. मंडईत तो उतरला, पिशवी माझ्या हातातून घेतली आणि वांगी निवडायला पुढे गेला.